बालशिस्त

बालशिस्त : कोणाचा धाक नसतानाही मुलाने नीट वागावे, यासाठी पालक व शिक्षक करतात ते उपाय. छडी, चापट, उठाबशा, अंगठे धरून उभे करणे हे आपल्याकडचे जुने उपाय होत. त्यांनी वर्ग लगेच गप्प होतो, म्हणून ते गुणकारी वाटतात. पण खरी परीक्षा शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर होते आणि तिथे माराचा परिणाम टिकत नाही. एलिझाबेथ गेर्शॉफ व अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांतील सुमारे १ लाख ६० हजार मुलांच्या माहितीचा एकत्रित आढावा घेतला. साध्या चापटीचाही संबंध आक्रमकपणा, मानसिक त्रास आणि पालकांशी दुरावा यांच्याशी दिसला. वागणे सुधारल्याचे दिसले नाही. मुळात खोडकर मुलेच जास्त मार खातात, तेव्हा मार हे कारण नसून परिणाम असेल, असा आक्षेप यावर घेतला जातो. आक्षेप रास्त आहे. मात्र त्याच मुलांचा काही वर्षे मागोवा घेऊन, सुरुवातीचा खोडकरपणा जमेस धरून केलेल्या अनेक अभ्यासांतही हा संबंध उरतोच.

मार असा निष्फळ ठरण्याचे कारण न्यायाशी निगडित आहे. शिक्षा अन्यायाची वाटली की मुलाचे लक्ष स्वतःच्या चुकीवरून उडून शिक्षा करणाऱ्यावर खिळते. गृहपाठ न आणलेल्या दोन मुलांपैकी एकाने तो खेळण्याच्या नादात टाळलेला असतो, दुसऱ्याला गणितच कळलेले नसते. दोघांनाही पन्नास उठाबशा काढायला लावल्या, तर पहिला पुढच्या वेळी तिसऱ्याच कोणाची तरी वही उतरवतो आणि दुसऱ्याला गणित तरीही येत नाही. त्यापेक्षा पहिल्याला मधल्या सुट्टीत तोच गृहपाठ पूर्ण करायला बसवावे, दुसऱ्याला ते गणित पुन्हा समजावून द्यावे. भिंतीवर रेघोट्या मारणाऱ्याच्या हाती ओले फडके द्यावे. नियम आधी सांगितलेला, परिणाम चुकीशी जोडलेला आणि बेताचा, सर्वांना सारखा. आणि त्याआधी मुलाचे म्हणणे ऐकलेले. एवढे सांभाळले तर कठोरपणाही मुले स्वीकारतात. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात दाखवले की जिथे माया आणि ठाम नियम एकत्र नांदतात, त्या घरांतली मुले अधिक स्वावलंबी व संयमी असतात. मार सोडणे म्हणजे मोकाट सोडणे, हा समज त्यामुळे टिकत नाही.

‘आम्ही मार खाल्ला, तरी घडलोच की,’ असे पुष्कळजण मनापासून म्हणतात. ते घडले हे खरे. पण त्यांच्या घडण्यात आईबापांचे कष्ट होते, शिकवणारे गुरुजी होते, आणि त्याच वर्गातून माराच्या भीतीने शाळा सोडणारे हे सांगायला समोर नसतात. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने काय करावे, ही अडचण मात्र खरी आहे. तिचे उत्तर लहान वर्ग आणि शिक्षकांचे प्रशिक्षण हे आहे. ती जबाबदारी शासनाची आहे आणि तिची भरपाई मुलांच्या तळहातांनी करू नये. स्वीडनने १९७९ मध्ये घरातल्या मारावरही बंदी घातली, तेव्हा कायद्यात त्यासाठी वेगळी शिक्षा ठेवली नाही. दुधाच्या खोक्यांवर माहिती छापून ती घरोघर पोचवली. भारतात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार १ एप्रिल २०१० पासून शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. घरातल्या मारावर स्पष्ट बंदी घालणारा कायदा मात्र अद्याप झालेला नाही.