हाड सांधलें, पण माणूस?

मनगटापाशीं हाड मोडलें, तर पुढें काय होतें? डब्लिनचे शस्त्रवैद्य अब्राहम कॉलिस यांनीं १८१४ सालीं या प्रश्नाचें उत्तर दिलें. हाताचें वांकडेपण जन्मभर जाणार नाहीं. परंतु कालांतरानें हात पूर्वीप्रमाणें मोकळा चालेल आणि वेदनाही उरणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. भाकीत समाधानकारक होतें खरें. पण ओल्या कपड्यांचा पिळा करतांना जिच्या मनगटांतून कळ निघत असेल, त्या बाईला कोणी विचारलें होतें?

१८९५ च्या अखेरीस राँटगेन यांना क्ष-किरण सांपडले आणि अस्थिवैद्याला जणूं नवा डोळा लाभला. मोडलेले तुकडे एका रेषेंत आले कीं नाहीं, हें आतां कांचेवर दिसूं लागलें. लाभ मोठाच होता. पण त्याबरोबर एक खोडही जडली. चित्र सरळ, तर रोगी बरा, असें मानण्याकडे वैद्यांचें मन झुकूं लागलें. वस्तुतः सुरेख हाड सांधलेला मनुष्य जिना चढतांना कण्हत असतो, आणि ज्याचें चित्र पाहून वैद्यानें खेदानें मान हलवावी, तो बाजारांतून पिशवी भरून घरीं येतो.

उपचाराचा अखेरचा परिणाम तपासा, असा आग्रह धरणारे बोस्टनचे अर्नेस्ट एमरी कॉडमन (१८६९–१९४०) हे स्वतः क्ष-किरणांचे आरंभीचे अभ्यासक होते. त्यांची मागणी ऐकावयास अगदीं साधी होती. प्रत्येक रोग्याच्या नांवाचें एक कार्ड ठेवावें. दुखणें काय, निदान काय झालें, उपचार कोणता केला, हें त्यावर लिहावें. आणि वर्षानें तो रोगी कसा आहे तें पुन्हां पाहावें. बरा नसेल, तर कां नाहीं, हेंही लिहावें.

कारण लिहावयाचें म्हणजे चूक कोणाची तें लिहावयाचें, आणि तेथेंच सारें अडलें. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्यें शस्त्रवैद्यांना बढती मिळे ती ज्येष्ठतेनें, परिणामांवरून नव्हे. याच्या निषेधार्थ कॉडमन यांनीं १९१४ सालीं तेथील जागा सोडली. त्यांच्या स्वतःच्या लहानशा रुग्णालयांतून १९११ ते १९१६ या काळांत ३३७ रोगी बाहेर पडले; त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्यांनीं नोंदविल्या आणि छापून जाहीर केल्या. स्वतःच्या चुकांचा असा पाढा वाचणारा वैद्य आजही विरळाच. जानेवारी १९१५ मध्यें भरलेल्या एका सभेंत त्यांनीं एक मोठें व्यंगचित्र उघडलें. वाळूंत डोकें खुपसलेला एक शहामृग सोन्याचीं अंडीं मागच्या पायांनीं डॉक्टरांकडे ढकलीत होता. शहामृग म्हणजे शहरांतील श्रीमंत रोगी. एकच गहजब झाला. हार्व्हर्डमधील शिक्षकाची जागा गेली, मिळकतही घटली. ते वारल्यावर त्यांच्या थडग्यावर नांवाचा दगडही नव्हता. तो २०१४ सालीं बसला.

ज्या हॉस्पिटलांतून कॉडमन बाहेर पडले, तेथीलच विल्यम हॅरिस यांनीं १९६९ सालीं खुब्याच्या दुखापतीनंतरची स्थिति मोजण्यासाठीं १०० गुणांचें कोष्टक प्रसिद्ध केलें. त्यांत वेदनेला ४४ गुण, चालण्या-वावरण्याला ४७, आणि सांधा किती वळतो याला अवघे ५! तरी गुण देणारा हात वैद्याचाच राहिला.

तो रोग्याच्या हातीं आला तो पुढें. १९८७ सालीं एकत्र आलेल्या युरोक्वॉल मंडळाच्या प्रश्नावलींत पांचच गोष्टी विचारल्या जातात: हिंडणें-फिरणें, स्वतःचें आवरणें, नित्याचीं कामें, वेदना, आणि चिंता-खिन्नता. या उत्तरांचा मिळून एक आंकडा होतो. पूर्ण आरोग्य म्हणजे १, मृत्यु म्हणजे ०. प्रत्येक उत्तराचें वजन सामान्य लोकांना विचारून ठरतें: अशा अवस्थेंत दहा वर्षें काढाल, कीं त्यांतलीं कांहीं सोडून उरलेलीं निरोगीपणें जगाल? प्रश्न कठोर खरा, पण प्रामाणिक.

अस्थिभंगाच्या बाबतींत एक अडचण मात्र विशेष आहे. हाड मोडण्याची वेळ आधीं कळत नाहीं. म्हणून पूर्वीची स्थिति कशी होती, हें रोग्याला मोडल्यावरच विचारावें लागतें. खाटेवर पडलेल्या मनुष्याला कालचा दिवस कदाचित् होता त्याहून सुखाचा वाटतो. उलट, घसरून खुबा मोडलेली वृद्ध स्त्री काठीला सरावली, कीं वर्षानें 'ठीक आहे' म्हणते. पूर्वीसारखें चालूं लागली म्हणून नव्हे, तर अपेक्षाच उणावली म्हणून.

शिवाय प्रश्न कोणत्या घरांत बसून लिहिले, यालाही महत्त्व आहे. हॅरिस यांचें कोष्टक विचारतें कीं, रोगी खुर्चीवर किती वेळ बसतो आणि मोजे-बूट घालतो कीं नाहीं. पंगतीला मांडी घालतां येते काय, शौचास उकिडवें बसतां येतें काय, हें त्यांत नाहीं. आणि महाराष्ट्रांतील खेडेगांवच्या रोग्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. युरोक्वॉलच्या प्रश्नांनाही भारतीय लोकांनीं ठरविलेलीं वजनें मिळालीं तीं २०२२ सालीं. तोंवर येथल्या दुखण्याचें वजन दुसऱ्या देशांच्या तराजूंत होत असे.