प्रफुल पटेल आणि फुटबॉल महासंघ : अध्यक्षपद का गेलं होतं?

गोंदिया : निवडणूक जवळ आली की चहाटपरीवर "प्रफुलभाईंचा फुटबॉल घोटाळा" निघतोच. तो नेमका काय, हे मात्र थोड्यांनाच माहीत आहे.

पटेल १९८५ मध्ये गोंदिया नगरपरिषदेचे अध्यक्ष आणि १९९१ मध्ये भंडाऱ्याचे खासदार झाले. (तेव्हा आपला जिल्हा भंडाऱ्यातच होता.) २००८ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रियरंजन दासमुन्शी आजारी पडले अन् कारभार पटेलांकडे आला. २००९, २०१२ आणि २०१६ अशा तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या.

१७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तो त्यांच्याच काळात. २८ ऑक्टोबर २०१७ ला स्पर्धा संपली आणि तीनच दिवसांनी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ ची निवडणूक रद्द केली. वकील राहुल मेहरा यांची याचिका होती. मुद्दा लाचेचा नव्हता; निवडणूक राष्ट्रीय क्रीडा संहितेप्रमाणे झाली नाही, हा होता. सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली आणि पटेल पदावर राहिले. २०१९ मध्ये तर ४६ पैकी ३८ मतं घेऊन ते फिफाच्या कौन्सिलवर गेले.

खरी गोम पुढे आहे. तेव्हाच्या संहितेनुसार अध्यक्षाला जास्तीत जास्त १२ वर्षं मिळत. डिसेंबर २०२० मध्ये मुदत संपली, पण प्रकरण कोर्टात आहे असं सांगून महासंघाने निवडणूकच घेतली नाही. सरपंचाची मुदत संपल्यावर असं चालेल का? शेवटी १८ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने पटेलांना हटवून न्या. ए. आर. दवे यांची प्रशासक समिती नेमली. फिफाचा दबाव आणण्यात पटेलांचा हात असल्याचा आरोप करत या समितीने नंतर अवमान याचिकाही टाकली.

विमान कंपनीच्या प्रकरणातली सीबीआय चौकशी वेगळी. ती बंद करण्याचा अहवाल सीबीआयने २०२४ मध्ये दिला. दोन्ही एकत्र करू नये.

फिफाने बाहेरचा हस्तक्षेप म्हणत १५ ऑगस्ट २०२२ ला भारतावर बंदी घातली. केरळच्या गोकुलम क्लबच्या मुली तेव्हा आशियाई स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोचल्या होत्या. न खेळताच परतल्या. न्यायालयाने समिती बरखास्त केली, २६ ऑगस्टला बंदी उठली, २ सप्टेंबरला कल्याण चौबे ३३ विरुद्ध १ मतांनी अध्यक्ष झाले. मुलींचा विश्वचषकही ऑक्टोबरमध्ये भारतातच झाला. गोकुलमची स्पर्धा मात्र तोवर उरकली होती.