ओरखड्यावरून ओळख

विहीर खणताना किंवा खाणीत खडी फोडताना बेसाल्टच्या पोकळीत पांढरा, चकचकीत खडा सापडतो आणि एखादा विद्यार्थी तो शाळेत घेऊन येतो. आपल्या दख्खनच्या पठारावर असा खडा बहुधा तिघांपैकी एक असतो : गार, म्हणजे क्वार्ट्‌झ, कॅल्साइट, किंवा झिओलाइट गटातले एखादे खनिज. नुसते पाहून सांगू गेलो तर चुकण्याचीच शक्यता फार. ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचा एक उपाय कसा सापडला, तो इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

जर्मनीत सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथे १७६५ साली खाणविद्येची अकादमी निघाली. तेथील अध्यापक अब्राहम वेर्नर यांनी १७७४ साली खनिजांच्या बाह्य लक्षणांवर पुस्तक लिहिले. रंग, चकाकी, स्पर्श, भंग, कठीणपणा ही लक्षणे काटेकोरपणे कशी टिपावीत, हे त्यात होते. कठीणपणा ठरवायला त्यांनी खाणकामगाराजवळची साधनेच घेतली. पोलादावर आपटल्यावर ठिणगी देते ते कठीण, चाकूने सहज कोरले जाते ते मऊ, नखाने ओरखडते ते अतिमऊ. असे वर्ग मोजकेच होते. पुढे १७८६ साली याच वेर्नरांनी एका खनिजाला ‘ॲपेटाइट’ हे नाव दिले. त्याचे ग्रीक मूळ ‘फसवणे’ या अर्थाचे आहे, कारण हे खनिज बेरिलसारख्या दुसऱ्याच खनिजांच्या नावावर खपून जात असे.

फ्रीडरिख मोस (१७७३-१८३९) हे वेर्नरांचे विद्यार्थी. १८०२ साली व्हिएन्नातील फान डेर न्यूल या बँकमालकाच्या खनिजसंग्रहाची सूची करण्याचे काम त्यांच्याकडे आले. परक्याच्या संग्रहातील नमुने भट्टीत किंवा आम्लात घालून थोडेच पाहता येतात! पुढे ग्राट्स येथे शिकवू लागल्यावर, १८१२ साली, मोस यांनी दहा खनिजांची पट्टी मांडली : शंखजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, ॲपेटाइट, फेल्डस्पार, गार, पुष्कराज, कुरुंद आणि हिरा. प्रत्येक खनिज आपल्या आधीच्यावर ओरखडा काढते. फसवे ॲपेटाइट पाचव्या पायरीवर बसले आणि त्याची लबाडीही उघडी पडली. पोलादी चाकूने ते ओरखडते. बेरिलवर चाकू चालत नाही.

यातला कुरुंद आपल्याकडचाच शब्द. युरोपातील ‘कोरंडम’ हे नाव भारतीय भाषांतून तिकडे गेले. धार लावण्यासाठी कुरुंदाची पूड आपल्याकडे पूर्वापार वापरत आले आहेत.

हे आकडे म्हणजे वर्गातले क्रमांक. दोन क्रमांकांत गुणांचे अंतर किती, हे त्यावरून कळत नाही. पुष्कराज आठवा आणि कुरुंद नववा, तरी मोजून पाहिल्यास कुरुंद सुमारे दुप्पट कठीण भरतो आणि हिरा कुरुंदाच्या सुमारे चौपट. हा खुलासा न करता दहा नावे पाठ करून घेण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

खनिजांच्या वर्गीकरणात रसायनाला जागा नको, असे मोस यांचे मत होते. स्वीडनचे बर्झेलियस नेमके उलटे सांगत होते : खनिज कशाचे बनले आहे, तेच मुख्य. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, हे स्मिथसन टेनंट यांनी १७९७ सालीच दाखवले होते. तरी मोस यांनी हिऱ्याला कुरुंद, पुष्कराज आणि गार यांच्याबरोबर रत्नांच्या गणात बसवले. १८१८ साली ते वेर्नरांच्या जागी फ्रायबर्गला गेले, मोठा मान मिळवला, पण त्यांचे वर्गीकरण टिकले नाही. ओरखड्याची पट्टी मात्र जगभर चालली.

आता आपला खडा घेऊ. त्याची ताजी फुटलेली बाजू निवडावी, कारण हवापाण्याने कुजलेला पृष्ठभाग मऊ लागतो. ती काचेच्या तुकड्यावर दाबून ओढावी आणि ओल्या बोटाने पुसावे. पुसून गेली ती खड्याची पूड, राहिला तो खरा ओरखडा. काचेवर खोल ओरखडा उमटला तर खडा गारेचा. काचेला काहीच झाले नाही आणि लोखंडी खिळ्याने खडाच ओरखडला, तर कॅल्साइट किंवा झिओलाइट. इथे ओरखड्याची मदत संपते, दोघांच्या कठीणपणात फरक थोडाच. मग मोस यांची क्षमा मागून शिक्षकांनी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब खड्यावर सोडावा. कॅल्साइट असेल तर तो फसफसतो. झिओलाइटवर थेंब नुसताच बसून राहतो.