बहिष्काराची किंमत कोण भरतो?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. विषय फुटबॉलचा आहे, पण नुसता फुटबॉलचा नाही.

परवा संध्याकाळी एका पोराने मला विचारलं, "काका, आपण वर्ल्ड कपला कधी जाणार? आणि गेलो तर कोणाकोणाशी खेळायचं नाही?"

पहिल्या प्रश्नाला मी हसलो. दुसऱ्याला हसता आलं नाही. कारण तो प्रश्न त्याच्या तोंडी कसा आला ते मला माहीत होतं.

आमच्या कापड्यात कबड्डीला मान आहे, टेनिस बॉल क्रिकेटला बक्षिसं आहेत आणि फुटबॉलला दहा-बारा पोरं आहेत. भात कापून झालं की रिकाम्या खाचरात बांबू रोवून गोल उभे करायचे आणि अंधार पडेपर्यंत खेळायचं. मी बातम्या लिहितो त्या दरडीच्या, पाणीटंचाईच्या, घाटातल्या अपघातांच्या. पण १९९८ चा वर्ल्ड कप मुंबईत मामाच्या खोलीवर रात्री जागून बघितला, तेव्हापासून हा नाद लागला तो लागलाच. म्हणून पोरांनी मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलंय.

२०२५ च्या मे महिन्यात, पहलगाम आणि त्यानंतरच्या कारवाईच्या दिवसांत, तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली. देशभर तुर्कस्तानवर बहिष्काराची हाक उठली. सफरचंदं नकोत, सहली नकोत. आमच्या ग्रुपमधल्या एका दहावीतल्या पोराच्या डीपीवर आर्दा गुलेर होता, रेआल माद्रिदकडून खेळणारा तुर्की पोरगा. याचा डावा पाय चांगला चालतो, म्हणून त्याला तो आवडतो, एवढंच. पण ग्रुपवर सुरू झालं. आधी चेष्टा, मग शिव्या, मग 'देशद्रोही', आणि रात्री त्याला काढून टाकलं. काढणारे मुंबईहून सुट्टीला आलेले मोठे पोरगे होते. चार दिवस तो खाचरात आला नाही.

मी त्या ग्रुपवर होतो. सगळं वाचत होतो. एक शब्द लिहिला नाही. उद्या आपलंच नाव घेतील, असं वाटलं. ही पोस्ट त्या गप्प बसण्याचा हिशोब आहे असं समजा.

"खेळात राजकारण आणू नका" हे वाक्य मी लिहिणार नाही. ते खरं नाही. खेळात राजकारण पहिल्यापासून आहे, आणि आपल्या फुटबॉलचे सगळ्यात चांगले दिवस तर दुसऱ्यांच्या भांडणांच्या मधोमधच गेलेत. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, १९५६ ची. मेलबर्न ऑलिंपिक. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. २२ नोव्हेंबरला ऑलिंपिक सुरू झालं. हंगेरीवरच्या हल्ल्याच्या निषेधात नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंड आले नाहीत. सुएझच्या भांडणावरून इजिप्त, इराक, लेबनॉन आले नाहीत. तैवान आहे म्हणून चीन आला नाही. हंगेरी म्हणजे १९५२ चा सुवर्णविजेता, पुश्काशचा देश. त्यांचा फुटबॉल संघ मेलबर्नला उतरलाच नाही आणि पहिल्या फेरीत भारताला पुढे चाल मिळाली.

पुढच्या सामन्यात आपण यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मूळचा गोव्याचा, खेळायचा मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून. आता जरा थांबून बघा. १९५६ साली गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. आदल्याच वर्षी, १५ ऑगस्टला, गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या. ज्याच्या पूर्वजांचं गाव सालाझारच्या राज्यात, तो माणूस भारताची जर्सी घालून गोल मारत होता. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच. तो सामना आपण १-४ ने हरलो, कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ०-३. चौथा नंबर. तिथवर पुन्हा कधी पोचलो नाही.

आणि आज आपल्या तालुक्यात निम्म्या पोरांच्या अंगावर कोणाचा शर्ट असतो? रोनाल्डोचा. पोर्तुगालचा. त्याबद्दल कोणी कोणाला ग्रुपमधून काढत नाही, आणि काढूही नये. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, भांडण संपलं, सात नंबरचा शर्ट राहिला. म्हणजे राग कायमचा नसतो, हे आपल्याला आतून कळतं. फक्त राग चालू असताना कळत नाही.

दुसरी गोष्ट जकार्ताची, १९६२. 'मैदान' सिनेमा आल्यापासून ती बऱ्याच जणांना माहीत आहे. एशियाडचं यजमान इंडोनेशिया. त्यांनी इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसाच दिला नाही. आपले गुरुदत्त सोंधी ऑलिंपिक समितीचे सदस्य आणि एशियाड सुरू करणाऱ्यांपैकी एक. ते म्हणाले, हे नियमात बसत नाही, मग या स्पर्धेला एशियाड तरी कसं म्हणायचं? झालं. जकार्तात लोक खवळले. ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. आणि दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, फुटबॉलचा अंतिम सामना होता. भारत विरुद्ध दक्षिण कोरिया.

जवळजवळ लाखभर माणूस आपल्या विरोधात. राष्ट्रगीताच्या वेळी हुर्यो उडवली गेली. सोंधी बोलले होते, भोगत होते चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, बलराम, थंगराज. जर्नेलसिंग खरा बचावपटू. डोक्याला टाके पडलेले, तरी रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवलं. याच कोरियाने पहिल्या सामन्यात आपल्याला २-० ने हरवलेलं. त्या दिवशी पी.के.ने एक आणि जर्नेलने एक गोल मारला, आपण २-१ ने जिंकलो. सुवर्णपदक.

त्या सामन्याची आणखी एक आठवण खेळाडूंनी नंतर सांगितली आहे. त्या लाखभरात भारताच्या बाजूने ओरडणारी जी मूठभर माणसं होती, त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता. त्याच स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात त्यांनी आपल्याला हरवलं होतं. हे वाचून कोणाला राग येत असेल तर येऊ द्या. त्यानंतर तीन वर्षांत दोन्ही देशांचं युद्ध झालं, तेही खरं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि इतिहास सांगताना सोयीची एकच सांगायची नसते, एवढं आम्हाला पत्रकारितेच्या डिप्लोमाला शिकवलं होतं.

तिसरी गोष्ट १९६४ ची, ती फार कोणी सांगत नाही. आशिया कप इस्रायलमध्ये होता. बरेच देश इस्रायलशी खेळायला तयार नव्हते. पात्रता फेरीत आपल्या गटातले इतर संघ मागे हटले आणि भारत न खेळताच मुख्य स्पर्धेत गेला. तिथे संघ चारच. आपण दक्षिण कोरियाला २-० ने आणि हाँगकाँगला ३-१ ने हरवलं, इस्रायलकडून ०-२ ने हरलो. उपविजेते. आशिया कपमधली ती आजवरची आपली सर्वोत्तम कामगिरी. स्पर्धा चालू असतानाच, २७ मे रोजी, इकडे नेहरू गेले.

यात रायगडचा एक धागा आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून, अलिबाग, पेण, रोहा भागातून, कितीतरी बेने इस्रायली कुटुंबं तिकडे गेली होती. आपल्याकडे त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. आडनावं पेणकर, केहीमकर, अष्टमकर, घरात बोली मराठी. त्याच काळात तिथे लग्नाच्या बाबतीत आपल्याला बरोबरीचे यहुदी मानावं म्हणून त्यांचं आंदोलन चालू होतं. भारत-इस्रायल सामन्याला एखादा पेणकर गेला असेल, तर त्याने टाळ्या कोणासाठी वाजवाव्या? त्याला कोणी देशद्रोही म्हणावं, आणि कुठल्या देशाचा?

आता या तिन्ही गोष्टींतून मला काय दिसतं ते सांगतो.

एक, दुसऱ्यांच्या भांडणामुळे मिळालेली वाट फार लांब जात नाही. १९५६ ला पुढे चाल मिळाली, १९६४ ला मिळाली, पण तेव्हा आपल्याकडे त्या संधीचं सोनं करणारी माणसं होती. रहीमसाहेब १९६३ च्या जूनमध्ये कॅन्सरने गेले. त्यांच्यामागे आपण काय उभं केलं? १९६० नंतर ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये आपण दिसलो नाही. १९६४ नंतर आशिया कपला पुन्हा पात्र व्हायला १९८४ उजाडलं. आणि आज? १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावात, घरच्या मैदानावर, पहिला गोल आपण मारला आणि सिंगापूरकडून १-२ ने हरलो. २०२७ च्या आशिया कपचं दार बंद. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१, बावीस वर्षांत पहिल्यांदा. आयएसएल २०२५ च्या जुलैपासून करारात अडकली होती. २०२५ च्या डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर येऊन गेला, त्याला बघायला लोकांनी हजारो रुपये मोजले. ढाक्यातल्या हरण्यानंतर आमच्या ग्रुपवर बांगलादेशला दोनशे शिव्या पडल्या. आपल्या संघटनेने मुलांसाठी किती मैदानं केली, हा प्रश्न एकानेही विचारला नाही. शेजाऱ्यावर चिडलं की घरचा हिशोब मागायचा राहून जातो.

दोन, बहिष्कार ही वाईट गोष्ट नाही. त्याची किंमत कोण भरतो ते बघायचं. १९७४ साली भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत होता. समोर दक्षिण आफ्रिका, वर्णभेदाचं सरकार. भारताने खेळायला नकार दिला आणि कप त्यांना सोडून दिला. अमृतराज बंधू ऐन भरात होते. किंमत आपण भरली, म्हणून त्या नकाराला वजन आलं. १९५६ ला डच खेळाडूंनी आपली पदकं सोडली, तीही स्वतःच्या खिशातून. जकार्तातल्या जमावाने काय भरलं? काही नाही. धोंडे दुसऱ्याच्या खिडकीवर आणि हुर्यो बाविशी-पंचविशीतल्या खेळाडूंवर.

हे अजून थांबलेलं नाही. २०२२ पासून रशियाचा संघ बाहेर आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या २०२६ च्या ४८ संघांच्या वर्ल्ड कपच्या ड्रॉसाठी इराणच्या शिष्टमंडळातल्या काहींना अमेरिकेचा व्हिसाच मिळाला नाही. जकार्तात होतं तेच भांडण, फक्त दार दुसऱ्याचं.

कोणाशी खेळायचं, कोणाशी नाही, हे सरकारं ठरवणार. ते ठरवतील त्याला कधी आपला पाठिंबा असेल, कधी नसेल. पण घरी बसून, एक रुपयाचंही नुकसान न करून घेता, दहावीतल्या पोराच्या डीपीवरून त्याला देशद्रोही ठरवणं हा बहिष्कार नाही. ती दांडगाई आहे. आणि ती बघून गप्प बसणारा माझ्यासारखा माणूस त्या लाखभरातलाच एक.

पोराला मी काय उत्तर दिलं? म्हटलं, "बाळा, वर्ल्ड कपला कधी जाऊ ते आत्ताची टीम बघून सांगता येत नाही, खोटं कशाला बोलू. कोणाशी खेळायचं नाही ते तेव्हाचं सरकार बघेल. पण मे महिन्यात तुला ग्रुपमधून काढलं तेव्हा मी बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

तो काही बोलला नाही. बॉलमध्ये हवा कमी होती, ती भरून आणायला गेला.

काल मी ग्रुप ॲडमिनला फोन केला, त्याला परत घेतलंय. डीपी अजून रिकामाच आहे. रविवारी पोलादपूरच्या पोरांशी सामना आहे, दुपारी चार वाजता, आमच्या खाचरात. ज्यांनी त्याला काढलं होतं त्यांतले दोघे सुट्टीला गावात आहेत, त्यांनाही बोलावलंय. तुम्हीही या.

आणि तुमच्या घरात १९५६ किंवा १९६२ चे सामने रेडिओवर ऐकलेलं, पेपरात वाचलेलं कोणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांना विचारून खाली लिहा. मला ते लिहून ठेवायचंय.