राई, रायते आणि सरिसव

चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे निघाले की पायथ्याशी पोफळी लागते. हे गाव आता कोयनेच्या वीजघरामुळे सर्वांना ठाऊक आहे. नाव मात्र झाडावरूनच पडले असावे. पोफळ म्हणजे पूगफल. ‘पूग’चा दुसरा अर्थ समूह. सुपारी घोसाने लागते म्हणून हे नाव, की दोन ‘पूग’ मुळातच वेगळे, हा तंटा तूर्त बाजूला ठेवू. त्यापेक्षा राईचे कोडे अधिक झणझणीत आहे.

कोकणात राया दोन. एक देवराईतली, आमराईतली, दुसरी फोडणीतली. पहिलीचे मूळ ‘राजि’, म्हणजे ओळ: आम्रराजि, आमराई. दुसरीचे ‘राजिका’, आणि तिचाही एक अर्थ रेघ, ओळ असाच. शेंगेत दाणे रांगेने बसतात, त्यावरून हे नाव आले असावे. राईचेच ‘राजसर्षप’ हे नाव पाहून कोणी ‘राजा’कडे वळेल, पण मनुस्मृतीच्या वजनमापात तीन राजसर्षपांचा एक गौरसर्षप होतो. राजाच्या मानाने हा दाणा फारच किरकोळ!

मोहरीचाच दुसरा संस्कृत शब्द ‘सर्षप’ अधिक भटक्या. प्राकृतात तो ‘सरिसव’ झाला, हिंदीत सरसों, कन्नडात सासिवे, कोंकणीत सासंव. ‘सरिसव’वरून जैन आगमांत मोठी गंमत आहे. सोमिल ब्राह्मण महावीरांना विचारतो, सरिसव खावेत की नाही? उत्तर मिळते की सरिसव दोन प्रकारचे: एक धान्य, दुसरे ‘सदृशवय’, म्हणजे बरोबरीचे मित्र. मित्र अर्थातच अभक्ष्य. मराठीत याच घराण्यातला ‘शिरस’ दिसतो. आणि शिरीषाचे झाडही शिरसच! सोमिलाला इथेही काम मिळाले असते.

स्वयंपाकघरात ही दोन घराणी एका पातेल्यात भेटतात. पिकल्या आंब्यात फेसलेली मोहरी घालून रत्नागिरीकडे करतात ते रायते, राजिकेचे. गोव्याकडे जवळपास तेच सासंव, सर्षपाचे. फेसताना नाकात जाणारा झणका मात्र एकच.

राहिली खुद्द मोहरी. आजूबाजूला तिच्या नावाची गर्दी फार. सोन्याची मोहर फारसी ‘मुह्र’ची, बुद्धिबळातला मोहरा ‘मुहरा’चा, विजारीची मोहरी बहुधा ‘मुखा’ची, आंब्याचा मोहोर ‘मुकुला’चा. फारसीत ‘मुहरा’ म्हणजे मणीही, आणि मोहरीचा दाणा मण्यासारखा. तरी हा धागा मला कच्चा वाटतो. राई आणि शिरस घरात असताना फोडणीच्या दाण्यासाठी फारसीच्या दारात कोण जाईल? माझा कल मोहोराकडे आहे. मोहरीचे शेत फुलते तेव्हा पान दिसत नाही इतके पिवळे होते, आणि ‘मोहरणे’ हे क्रियापद मराठीने आंब्यापुरते कधीच ठेवलेले नाही.