वेड्यांच्या इस्पितळातलं ताट

बुद्धी वाढवायला काय खावं, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. आज उलटी गोष्ट. जेवणामुळे माणसं भान हरपून वेड्यांच्या इस्पितळात पोचत होती, आणि डॉक्टर जंतू शोधत बसले होते.

आजाराचं नाव पेलाग्रा. आधी उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, मग जुलाब, मग विसरभोळेपणा, भ्रम आणि शेवटी मृत्यू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात याने थैमान घातलं. तिथल्या गरिबाचं रोजचं जेवण म्हणजे मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी.

१९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरला तिकडे पाठवलं. त्याने इस्पितळांत एक साधी गोष्ट पाहिली. रुग्णांना पेलाग्रा होतो, पण दिवसरात्र त्यांच्यात वावरणाऱ्या नर्सना होत नाही. आता जंतू काय पगारपत्रक बघून चावतो? फरक होता तो ताटात. मग जॅक्सनच्या अनाथाश्रमांत मुलांना दूध, अंडी, मांस सुरू केलं आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला.

१९१५ मध्ये मिसिसिपीतल्या ११ कैद्यांना माफीच्या बदल्यात मका-साखरेच्या जेवणावर ठेवलं. ६ जणांना पेलाग्रा झाला. (आज हा प्रयोग कुठलीच समिती पास करणार नाही, आणि ते बरंच आहे.) तरी लोक ऐकेनात. मग १९१६ मध्ये त्याने, त्याची बायको मेरी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त टोचून घेतलं. काहींनी तर रुग्णांच्या कातडीचे पोपडे आणि विष्ठा पिठाच्या गोळ्यांत घालून गिळली! कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

एवढं होऊनही का पटेना? मला वाटतं, जंतूला दोष देणं स्वस्त होतं. जेवण हे कारण मानलं, की मजुरी किती देता आणि घराच्या दारापर्यंत कापूसच का लावता, हे प्रश्न आलेच. गोल्डबर्गर १९२९ मध्ये गेला. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेमने नेमका घटक शोधला, नायसिन. ते मिळाल्यावर भ्रमिष्ट रुग्ण काही दिवसांत भानावर येऊ लागले.

गंमत म्हणजे मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आलेत. त्याने अडकलेलं नायसिन मोकळं होतं. युरोपने मका नेला, कृती तिथेच राहिली. आम्ही प्रोग्रामर लोक असंच कोड कॉपी करतो, सोबतची लायब्ररी विसरतो आणि मग रात्रभर जागतो.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर दख्खनकडे या. हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांना पेलाग्रा मका नव्हे, ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसला. १९६० मध्ये त्यांनी ज्वारीतल्या जास्तीच्या ल्यूसीनकडे बोट दाखवलं. त्यावर वाद पुष्कळ झाले. पण भाकरीबरोबर ताटात दुसरं काय होतं, हा प्रश्न इथेही आलाच.

पुढच्या भागात कांगडा खोरं आणि आयोडीनचं मीठ. भेटू!