उंदरांच्या रक्तातले घड्याळ

१/
२१ सप्टेंबर १९४८. अमेरिकेतील रॉचेस्टर (मिनेसोटा) येथील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला ‘कंपाउंड ई’ या द्रव्याचे इंजेक्शन देण्यात आले. आठवडाभरात ती स्वतःच्या पायांनी बाजारात जाऊन आली. हेच द्रव्य पुढे ‘कॉर्टिसोन’ म्हणून जगाला ठाऊक झाले.

२/
या घटनेमागे फिलिप हेंच यांचे एक जुने निरीक्षण होते. कावीळ झाली की संधिवाताच्या रुग्णाच्या वेदना ओसरतात, हे त्यांनी १९२९ साली पाहिले होते. गर्भारपणातही तसेच घडे. वेदना शमवणारे द्रव्य शरीरातच असावे, असा त्यांचा तर्क होता. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल यांनी ते मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीच्या अर्कातून वेगळे केले होते. १९५० साली या दोघांना टाडेउश राइखस्टाइन यांच्यासह नोबेल मिळाले.

३/
हीच ग्रंथी ताणाशीही निगडित होती. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’मध्ये नोंदवले की, थंडी, इजा, विष असे कोणतेही संकट आले तरी उंदरांची अधिवृक्क ग्रंथी वाढते आणि छातीतील थायमस आक्रसतो. थायमस हे रोगप्रतिकारशक्तीचे महत्त्वाचे ठाणे आहे, हे मात्र जॅक मिलर यांच्या प्रयोगांतून १९६१ साली उघड झाले.

४/
कॉर्टिसोनच्या यशानंतर तशाच औषधांचा शोध सुरू झाला. त्यांचा परिणाम मोजण्याची एक सोपी रीत होती : अधिवृक्क संप्रेरक वाढले की रक्तातील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून त्या मोजायच्या. त्याच मिनेसोटा राज्यात फ्रान्झ हालबर्ग उंदरांच्या रक्तात ही मोजणी करत होते. पण आकडे स्थिर राहीनात. औषध न दिलेल्या उंदरांतही वेळेनुसार ते बदलत.

५/
ही मोजणीतील चूक समजून सोडून देणे सोपे होते. हालबर्ग यांनी तसे केले नाही. १९५० साली त्यांनी मॉरिस व्हिशर यांच्यासह उंदरांच्या पाच वाणांमध्ये हा रोजचा चढउतार सिद्ध केला. अधिवृक्क ग्रंथी काढल्यावर तो नाहीसा होई. दृष्टी गेलेल्या उंदरांत तो टिके, पण २४ तासांच्या चौकटीतून हळूहळू सरके. म्हणजे घड्याळ शरीराच्या आतच होते. १९५९ साली हालबर्ग यांनी त्या लयीला लॅटिनवरून नाव दिले, ‘सर्केडियन’ : सुमारे एका दिवसाची.

६/
सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील या घड्याळाचे स्थान १९७२ साली सापडले. माणसाच्या रक्तातील कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी आणि पहाटे उठण्याच्या वेळी सर्वाधिक असते. रात्री हा लगाम सैल पडतो आणि दाह वाढवणारी द्रव्ये जोर धरतात. संधिवाताच्या रुग्णाचे सांधे सकाळीच का आखडतात, याचे एक मोठे कारण येथे मिळते.

७/
याचे मोल उपचारात आहे. कॉर्टिसोनच्या मोठ्या मात्रांनी हाडे ठिसूळ होतात आणि जंतुसंसर्ग बळावतात, हे डॉक्टरांना लवकरच कळून चुकले होते. मात्रा वाढवणे हा मार्ग नव्हता. २००८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. झोपताना घेतलेली, पण पहाटे दोनच्या सुमारास विरघळणारी प्रेडनिसोनची गोळी सकाळी घेतलेल्या नेहमीच्या गोळीपेक्षा सांध्यांचा ताठरपणा अधिक कमी करत होती. औषध तेच, मात्रा तीच. बदलली होती ती फक्त वेळ.

(समाप्त)